नाव घातलेली पक्कड

१६ मे १९९९, रविवार. भेस्तान

आजपासून धोंड्याचा महिना लागला. सुताच्या व्यापाऱ्याने दिलेली ही डायरी जानेवारीपासून कपाटावर धूळ खात होती. आज तिच्यात लिहायला बसलो, कारण तोंडाने बोलायला गेलो की बायको, उषाबाई, माझं पहिलं वाक्यसुद्धा पुरं होऊ देत नाही.

आधी झालं ते लिहून ठेवतो. गेल्या वर्षी धनश्रीचं लग्न केलं. जावई चेतन माझ्यासारखाच लूम फिटर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा, कतारगामच्या एका कारखान्यात. आहेरात भांडी सगळेच देतात, म्हणून मी त्याला वेगळी वस्तू दिली: खिशात मावणारी घडीची पक्कड. ती उघडली की दांड्यांमधून चाकू, पेचकस, कानस, डबा फोडायचं पातं असं काय काय निघतं. चांगली चकाकत होती. आणि आपल्यात भांड्यावर नाव घालतात, तसं मी भांडीवाल्याकडे जाऊन तिच्या दांड्यावर नाव घालून घेतलं. 'चि. चेतनराव यांस सप्रेम. लोटू पांडुरंग, भेस्तान.'

ती पक्कड दिवाळीही बघू शकली नाही. सगळ्या कारखान्यासमोर नट सोडवताना तिचं तोंड तुटलं. कुणीतरी तुकडा उचलला, कुणी दांडा उचलला आणि त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. तेव्हापासून त्या कारखान्यात काहीही मोडलं, पट्टा तुटला, चहाचा ग्लास फुटला, की सगळे ओरडतात, "लोटू हो गया!"

हे मला धनश्रीने आखाजीला, अक्षय तृतीयेला, माहेरी आल्यावर हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. चेतन तिला न्यायला आला तेव्हा मी दारातच त्याला विचारलं, तर तोही गालातल्या गालात हसला. मी म्हटलं, पोर येणार नाही. तो मान खाली घालून निघून गेला. तेव्हापासून पोर इथेच आहे.

लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. जावयाला जेवायला बोलवून वाण द्यायचं असतं. नाही बोलावलं तर सोयरीक तुटल्यात जमा. मी बोलावणार आहे. पण आधी न तुटणारी पक्कड शोधणार, तिच्यावर पुन्हा माझं नाव घालणार, आणि ती त्याने त्याच कारखान्यात वापरायची. महिन्याच्या आत एवढं जमवायचं आहे.

१८ मे, मंगळवार

पहिली पक्कड स्टेशनबाहेरच्या फूटपाथवरून आणली. हातात घेतल्याबरोबर तिला चिकटलेलं कुणाचं तरी तेल माझ्या हाताला लागलं. रॉकेल आणि पानाच्या पिंकीचा मिळून एक वास होता, तो दोनदा साबण लावूनही गेला नाही.

आमच्या कारखान्यामागे भंगारात काढलेला एक लूम पडून आहे. त्याचे नट गंजून बसलेत. परीक्षा तिथेच घ्यायची ठरवली. पहिल्या नटावर पकडीचे दात पेढ्यावर बोट दाबावं तसे चपटे झाले. आणखी जोर लावला तर दांडा वाकला. आत बघितलं तर दांडा कसला, दुमडलेला पत्रा! वरच्या चकाकीचा पापुद्रा नखाने निघत होता. तो नखात अडकून घरापर्यंत आला आणि जेवताना वरणात पडला. मला शिसारी आली, ताट तसंच बाजूला सारलं.

उषाबाई म्हणाली, वरणाचा काय दोष?

२१ मे, शुक्रवार

भागळला, शहराच्या बाजारात, एका मोठ्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो. काचेच्या कपाटात मखमलीवर ठेवलेली, चामड्याची पिशवी, त्यावर इंग्रजी अक्षरं. दुकानदार म्हणाला, "फॉरेननी छे काका, लाइफटाइम गॅरंटी."

मखमल बघूनच मला शंका यायला पाहिजे होती. ही पक्कड नटाला तरी टिकली, पण तार तोडायला घेतली तर धारेला दात पडले. म्हाताऱ्याच्या जबड्यासारखी दिसायला लागली. कानसेने लाकूडसुद्धा घासलं जात नव्हतं, नुसती खरखर. चाकू एकदा उघडला तो मिटायला तयार नाही, मग दगडावर आपटून मिटवला.

परत घेऊन गेलो. गॅरंटीची आठवण दिली. त्याने पक्कड उलटीपालटी केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "एनी लाइफ तो पूरी थई गई, काका." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला तसलीच पक्कड दाखवायला लागला. मी दुकानाच्या पायरीवर थुंकलो. मग आपलंच आपल्याला बरं वाटेना, म्हणून चपलेने पुसलं.

२५ मे, मंगळवार

उकाडा असह्य आहे. दोन्ही पकडी मिठाच्या पाण्यात ठेवून बघितल्या, कारण फिटरच्या खिशात घाम असतोच. पाणी दुसऱ्या दिवशी चहासारखं झालं. त्यावर तवंग आला होता आणि तळाशी पिवळा गाळ. मडक्याला घाण वास येत होता. उषाबाईने मडकं माझ्यासमोर मोरीत आपटून फोडलं आणि त्या कारखान्यातले लोक म्हणतात तेच म्हणाली. माझ्या घरात, माझ्या बायकोने.

धनश्री मात्र गुणाची. काल संध्याकाळी माझ्याजवळ बसून मोडक्या पकडी हातात घेऊन बघत होती. विचारत होती, "आबा, मंग रिबीट कसानं पाहिजे?"

मी तिला सगळं नीट सांगितलं. रिबीट, म्हणजे दोन दांडे जोडणारी खीळ, पोकळ नको, भरीव पाहिजे, आणि लूमच्या जुन्या पिनेचं केलं तर जन्मात सैल होणार नाही. तोंड लांब असलं की टोकाशी तुटतं, आखूड पाहिजे. चकाकी नकोच, लोखंड तापवून तेलात काळं करावं. दांड्याला लाकूड असलं तर घामाने हात सरकत नाही. पोरीने सगळं दोन दोनदा विचारून घेतलं. तिच्या आईने पंचवीस वर्षांत माझ्या कामाचं एवढं कधी ऐकलं नाही. खरं लिहायचं तर ती घरात असली की मला बरं वाटतं. चहा तिच्या हातचा.

मग ती शेजारच्या कमलकडे क्रिकेट बघायला गेली. आजकाल रोज जाते. आल्यावर विचारलं, कोण जिंकलं? म्हणाली, आपलेच. आज सकाळी कामावर सोबतच्या आनंदाला सांगितलं तर तो म्हणाला, काल आपली मॅचच नव्हती. बायकांना क्रिकेटमधलं काय कळतं!

३० मे, रविवार

आनंदा माझ्यासोबतच फिटर आहे, आमच्याच तालुक्यातला. आज घरी येऊन म्हणाला, "लोटूभाऊ, तुमना जवाई नाक्यावर चहाना टपरीवर बठेल व्हता." म्हणे परवाही होता.

माझ्या अंगाची आग झाली. कतारगामला काय चहा मिळत नाही? एवढ्या लांब सायकल मारत माझ्या गल्लीत येतो तो काय बघायला? माझी फजिती. सासरा पकडी तोडत बसलाय हे त्याच्या कानावर गेलं असणार, आता कारखान्यात जाऊन रंगवून सांगेल. मला त्या हसऱ्या तोंडाचा वीट आला आहे. धनश्री आत भाजी निवडत होती, तिच्या हातून ताटली पडली. तिलाही त्याचा राग आला असावा.

२ जून, बुधवार

तिसरी पक्कड आनंदाने त्याच्या मेहुण्याकडून, मुंबईहून मागवून दिली. जड होती. नट सोडवला, तार तोडली, माडीवरून फरशीवर टाकली तरी धड. मला वाटलं, सुटलो. मग पेचकस उघडून जरा जोराने फिरवला, तर त्याची अडकण निसटली आणि पातं माझ्या बोटावर मिटलं. रक्त, तेल आणि जुना मळ एकत्र झालेला बघून मी ती लांब भिरकावली. ह्या वस्तू बनवणारे कोण असतात? स्वतःच्या जावयाच्या हातात देतील का?

घरी धनश्रीने हळद लावून चिंधी बांधली. उषाबाई चुलीपुढून उठून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लगीन व्हयेल आंडेर घर बठेल शे, आनि तुम्ही पकडी तोडी राहिनात! महिना सरी जाई. जवाईले कव्हय बलावशात?"

मी म्हटलं, वस्तू मिळू दे.

"वस्तूनं सांगूच नका. सुरी देतांना समोरलाना रुपया लेवो पडस, नही ते नातं कापाई जास. लगीनमा तुम्ही लिदा नही, म्हनीसन हाई वाटोळं व्हयनं."

लोखंड कच्चं होतं म्हणून तुटलं, रुपयाचा काय संबंध? पण पोरगी तोंड फिरवून भिंतीकडे बघत होती. तिच्या पाठीकडे बघून मला पहिल्यांदा वाटलं की ही वस्तू नाहीच मिळाली तर? मी शब्दात अडकलो आहे. मागे कसं यायचं ते कळत नाही, आणि कुणाला विचारायची लाज वाटते.

५ जून, शनिवार

धनश्रीने आज एक पक्कड आणली. कमलच्या भावाच्या ओळखीत कुणी घरीच बनवतो म्हणे. "आबा, हाई एक देखा ना." मी म्हटलं, ठेव तिकडे. घरी बनवलेली म्हणजे आणखी घाण असणार.

मग हळूच उचलली. काळी, चकाकी अजिबात नाही. दोन्ही दांड्यांना लाकडाच्या पट्ट्या, बारीक स्क्रूने बसवलेल्या. नाकाला लावली तर ओळखीचा वास आला. जुन्या धोट्याचं लाकूड! ज्या धोट्याने आयुष्यभर आडवं सूत टाकलं, त्याचं लाकूड तेल पिऊन पिऊन असं झालेलं असतं की घामाने फुगत नाही. तोंड आखूड. रिबीट भरीव. कुणीतरी डोकं असलेला माणूस आहे. पण डोकं असून उपयोग काय, उद्या नटावर कळेलच.

८ जून, मंगळवार

तुटत नाही.

तीन दिवस झाले. नट सोडवले, लूमचे सगळे. तार तोडली, एक नाही, गुंडाळीच. माडीवरून टाकली. नव्या मडक्यात मिठाच्या पाण्यात ठेवली, पाणी नितळ. आनंदाला म्हटलं तू प्रयत्न कर. त्याने दांड्यावर नळी घालून जोर लावला तर जुन्या लूमचा नट तुटला, पक्कड तशीच. चाकूने कांदा कापला, पातं पुसलं, स्वच्छ.

गंमत म्हणजे मला आनंद होण्याऐवजी चीड आली. एवढे दिवस प्रत्येक वस्तूवर थुंकण्याची सवय झाली होती, आता कशावर थुंकू? खोट काढायला म्हणून शेवटी भिंग घेऊन बसलो. एवढंच दिसलं की तोंडाची एक बाजू दुसरीपेक्षा केसभर जास्त घासली आहे. ती खोट नाही, हाताचं काम म्हटलं की एवढं होणारच.

धनश्री दारात उभी होती. "चालई का, आबा?"

चालेल म्हटलं. तिने डोळ्याला पदर लावला. कांदा कापला होता मी तिथे.

१० जून, गुरुवार

उषाबाईने बजावलं होतं, "आते तिनावर नाव घालानं नही!" मी ऐकलं नाही. कामावरून परस्पर भांडीवाल्याकडे गेलो, गेल्या वर्षीच्याच. त्याच्याकडे नाव घालायचं मशीन आहे, दाताच्या डॉक्टरच्या मशीनसारखं किरकिरतं. तो म्हणाला, लाकडावर सुई चालत नाही. मी म्हटलं, मग एका बाजूची पट्टी काढून टाकू. नाव लोखंडावरच पाहिजे, आणि कारखान्यात सगळ्यांना दिसलं पाहिजे.

त्याच्याकडचा बारीक पेचकस घेऊन मीच स्क्रू काढले. पट्टी निघाली. त्याने पक्कड हातात घेतली, चष्मा वर केला.

"काका, नाम तो छे ज. फरी लखवु छे?"

मी बघितलं. 'चि. चेतनराव यांस सप्रेम. लोटू पांडुरंग, भेस्तान.'

तिथल्या स्टुलावर बसलो. त्याने पाणी दिलं. पाणी पितापिता एकेक गोष्ट जुळत गेली. रिबीट. आखूड तोंड. तेलातलं काळं. मी पोरीला सांगितलेला एकेक शब्द त्या लोखंडात होता. तुटलेलं तोंड दोन्हीकडून घासून आखूड केलं होतं. नाक्यावरचा चेतनचा चहा. पोरीचं क्रिकेट. आणि मी स्वतःला फिटर म्हणवतो! आपण दिलेली वस्तू भिंग लावून तपासली आणि ओळखली नाही. आजवर त्या पकडींची किळस येत होती, आज स्वतःची आली. पोराने मला फसवलं म्हणून रागही आला, पण तो फार वेळ टिकवता आला नाही.

कारण कारखान्यात त्याच्याजवळ कानस होती, ग्राइंडर होतं. ज्या नावावरून त्याला रोज हसत होते ते नाव दोन मिनिटांत घासून टाकता आलं असतं. त्याने ते घासलं नाही. दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून वरून लाकूड बसवलं.

भांडीवाला विचारत होता, काय करायचं? मी पट्टी परत बसवली, स्क्रू आवळले आणि निघालो. घरी आल्यावर उषाबाई म्हणाली, घातलं का नाव? मी म्हटलं, नाही घातलं. ते खोटंही नव्हतं.

मग धनश्रीला म्हटलं, चेतनरावांना निरोप पाठवायचा आहे, रविवारी जेवायला या म्हणून. कसा पाठवायचा?

ती म्हणाली, "मी कमलकडे जाईसन येस." आणि चप्पल न घालताच पळाली.

१३ जून, रविवार

धोंड्याचा शेवटचा दिवस. सकाळपासून घरात पुरणाचा वास. चेतन नवीन शर्ट घालून आला, दारात थांबला. गेल्या वेळी मी त्याला तिथूनच परत पाठवलं होतं. मी म्हटलं, या चेतनराव, आत या. ऊन आहे.

दोघांना पाटावर बसवून उषाबाईने ओवाळलं. वाणाच्या ताटात अनारसे, दिवा, आणि कागदात बांधलेली डबी. मी डबी उचलून पुढे केली. त्याने ती घेतली नाही. आधी खिशात हात घातला आणि रुपयाचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं.

"मामा, आधी हाऊ रुपया ल्या. धारनी वस्तू फुकट लेवानी नही."

डबी अजून बांधलेलीच होती. धनश्रीने त्याला कोपराने ढोसलं. मग त्याच्याही लक्षात आलं आणि त्याचे कान लाल झाले. उषाबाईला काही कळलं नाही, ती नुसती रुपयाकडे बघून समाधानाने मान हलवत होती. मी नाणं मुठीत धरलं. म्हटलं, बरोबर आहे, रीत आहे ती.

त्याने डबी उघडली, पक्कड बघितली, "भारी शे, मामा," म्हणाला. अभिनय अजिबात येत नाही पोराला.

जेवायला बसलो. धोंड्यांवर तूप पाहिजे म्हणून उषाबाईने तुपाचा नवा डबा आणला आणि फोडायला हाताला लागेल ते घेतलं. ती मखमलीतली, भागळची, लाइफटाइमवाली पक्कड. मी थांब म्हणेपर्यंत तिने पातं डब्याच्या कडेला घातलं. पातं कडकन मोडलं, तुकडा उडून कोशिंबिरीत पडला.

चेतनचं तोंड उघडलं होतं, ते त्याने तसंच मिटलं आणि ताटाकडे बघायला लागला. मला दिसत होतं की सवयीचे ते शब्द त्याच्या जिभेवर आलेत आणि तो ते गिळतोय.

मी म्हटलं, "म्हणा की, चेतनराव. लोटू हो गया."

आधी धनश्री फुटली, मग तो. उषाबाई हसता हसता भिंतीला टेकली. तो हसताना तोंडावर हात ठेवतो, हे मी आज पहिल्यांदा नीट बघितलं. आखाजीलाही तो कदाचित असाच, लाजूनच हसला असेल. मग त्याने आपली काळी पक्कड काढली आणि तुपाचा डबा एका फेऱ्यात उघडला. कडसुद्धा वाकडी झाली नाही.

ऊन उतरल्यावर दोघं निघाले. धनश्री सायकलच्या मागे बसली, मांडीवर अनारशांचा डबा. नाक्यावरून वळेपर्यंत बघत होतो. चहा आता उषाबाईच्या हातचा प्यायचा.

रुपया देवाजवळ ठेवला आहे. कोशिंबीर फेकावी लागली. माळ्यावर त्या तीन पकडी पडल्या आहेत, आजही बघितल्या की तोंडात पाणी येतं, थुंकायचं. उद्या भंगारवाल्याला देऊन टाकीन, घेतल्या तर.